मारुतीला पाणी कुठवर

पूर आला की नाशकात कुणी फूट-इंच विचारत नाही.
दुतोंड्या मारुतीला कुठवर आलं, एवढंच.
गुडघ्याला आलं की टपऱ्या उचलायच्या,
कमरेला आलं की गाड्या काढायच्या,
छातीला आलं की भांडीबाजार जागा राहतो रात्रभर.

माझं पाणी कुणी मोजलं नाही.

सातव्या वर्षी ते पायांत होतं.
पायाला भिंगरी, म्हणायच्या ताराबाई खोडे,
आणि आईला सांगायच्या, मीठमोहरी उतरव.
गायधनी बाईंनी आधी खिडकीशी बसवलं,
मग खिडकीपासून लांब,
मग दाराबाहेर.
दाराबाहेर मला फार आवडायचं.
प्रगतिपुस्तकात चार बाई, तीन गुरुजी,
अक्षर सातांचं वेगळं, वाक्य एकच:
हुशार आहे, पण लक्ष नाही.
लक्ष होतं हो बाई,
सगळीकडे होतं.
नदीच्या पायऱ्या किती, कुठली तुटकी,
कुठल्या पायरीवर माझी डावी चप्पल गेली
आणि वर्षभराने कुठल्यावर उजवी.

पुढे सातपूरला, स्विचगिअरच्या कंपनीत,
एकच स्क्रू दिवसाला नऊशे वेळा.
तिसऱ्या दिवशी माझ्या हातून बॉक्सच रिकामे निघाले.
पण लाइन बंद पडली, साहेब ओरडायला लागले,
की सगळे गडबडायचे आणि माझं डोकं
पहाटेच्या घाटासारखं गार, मोकळं.
मेंटेनन्सचे भामरे म्हणायचे,
हेमाला बोलवा, आग लागली की हिला थंडी वाजते.

लग्न झालं. लोक म्हणाले, शांत झाली पोरगी.
मी खुर्चीत बसून राहायचे, हे खरं.
आत मात्र कुणीतरी एकाच वेळी
बारा दारं उघडायचं आणि एकही लावायचं नाही.
दूध उतू गेलं. पुन्हा गेलं.
वीज कापली, पैसे कपाटात असताना.
याद्या केल्या, मग याद्या कुठे ठेवल्या त्याची यादी.
नवरा वाईट नव्हता. तो फक्त विचारायचा,
एवढं साधं कसं विसरतेस?
आणि साधं हा शब्द मला रात्रभर पुरायचा.

पन्नाशीच्या अलीकडे पाळी डगमगली
आणि पाणी एकदम गळ्याशी.
मोबाईल पिठाच्या डब्यात,
शब्द ओठाशी येऊन माघारी,
भाचीचं नाव घेताना सगळ्या भाच्या.
वाटलं, स्मृती चालली.

कॅनडा कॉर्नरला पगार नावाची डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाची.
म्हणाली, लहानपणीचं सांगणारं कुणी आहे का?
आईला नेलं. एकोणऐंशी वर्षं, काठी नको म्हणणारी.
डॉक्टर विचारत गेली,
जागेवर बसायची का? – छे, मीही नाही बसत.
वस्तू हरवायची? – अगं, सगळेच हरवतात.
दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची? – हो, पण ते मासे
कुठले गं तुमच्या टाकीतले?
आणि आई उठून काचेशी गेली.
डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली.
मी आईच्या पाठीकडे:
अर्धे सोललेले मटार, तीन वाती करून सोडलेली कापसाची पुडी,
रात्री दोनला पडवीत तिच्या फेऱ्या,
आणि शेजारणी म्हणायच्या, काय उरक आहे हिचा.
ऐंशीला टेकलेलं पाणी.
कुणी एकदाही विचारलं नाही, कुठवर?

गोळी रोज सकाळी घेते. विसरले नाही तर.
दुपारपर्यंत दारं एकेक करून लागतात,
चार-पाच उघडी राहतात, असू देत.

त्या दिवशी येताना रिक्षा घाटाशी थांबवली.
उन्हाळा, मारुती पावलांपर्यंत कोरडा,
एक तोंड इकडे, एक तिकडे.
आई म्हणाली, याला बरं, दोन्हीकडचं दिसतं.
मग म्हणाली, हेमे, माझी पिशवी?
पिशवी माशांपाशी राहिली होती.
मी हसायला लागले, तीही,
आणि माझ्या आधी रिक्षाकडे निघाली,
झपझप,
एका पायात चप्पल नीट न घालता.